वादचर्चा कोण जिंकले, हा प्रश्नच अपुरा : केनेडी, निक्सन आणि १९६० च्या चार रात्री

१/
अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांमधील पहिली दूरचित्रवाणी वादचर्चा २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत झाली. तिची कथा इतिहासाच्या बहुतेक चाहत्यांना तोंडपाठ असते : जॉन केनेडी टवटवीत दिसले, रिचर्ड निक्सन यांना घाम फुटला आणि चेहऱ्यांनी निवडणूक फिरवली. कथा सुटसुटीत आहे, पण अपुरी आहे. त्या मालिकेत एकूण चार वादचर्चा झाल्या. ज्या विषयाची किंमत पुढे माणसांनी जिवाने मोजली, तो पहिल्या रात्री नव्हे, चौथ्या रात्री ऐरणीवर आला. हा धागा त्या चार रात्रींचा, आणि उमेदवाराला नेमके कशावरून जोखावे या प्रश्नाचा.

२/
मराठी महाविद्यालयांत वादविवाद स्पर्धांची परंपरा जुनी आहे. तेथे परीक्षक आवाज, आत्मविश्वास, युक्तिवाद आणि वेळेचे भान यांना गुण देतात. वक्त्याचे स्वतःचे मत काय, हे कुणी विचारत नाही. करंडक दिला की विषय संपतो. अध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादचर्चा दिसायला तशीच असते, पण तिचा विषय तेथे संपत नाही. व्यासपीठावरचे वाक्य उद्या सैन्याला दिलेला आदेश होऊ शकते. म्हणून तेथे दोन वेगळे तराजू लागतात : एक सादरीकरणाचा, दुसरा निर्णयबुद्धीचा.

३/
आधी ही चर्चा घडली कशी, ते पाहू. १९३४ च्या अमेरिकी दळणवळण कायद्यातील कलम ३१५ नुसार एका उमेदवाराला प्रसारणाचा वेळ दिला, तर त्याच पदाच्या इतर सर्व उमेदवारांनाही तितकीच संधी देणे भाग होते. लहानसहान पक्षांचे अनेक उमेदवार असत; त्यामुळे दोघांचीच चर्चा घडवणे अशक्यप्राय होते. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीपुरती काँग्रेसने ही अट स्थगित केली आणि मार्ग मोकळा झाला. सुमारे १८ कोटी लोकसंख्येच्या देशात पहिली चर्चा जवळपास ७ कोटी लोकांनी पाहिली.

४/
निक्सन यांची त्या रात्रीची अवस्था खरोखरच वाईट होती. ऑगस्टमध्ये मोटारीच्या दाराचा मार गुडघ्याला बसला, जखम चिघळली आणि ऐन प्रचारात त्यांना जवळपास दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. वजन घटले होते. चर्चेच्या दिवशीही त्यांनी एका कामगार संघटनेपुढे भाषण केले. फिकट करड्या रंगाचा सूट पडद्याच्या पार्श्वभूमीत विरघळून गेला आणि दाढीची छटा लपवायला लावलेली पावडर घामाने उघडी पडली. केनेडी मात्र उन्हात रापलेल्या चेहऱ्याने, गडद सुटात आणि विश्रांती घेऊन आले होते.

५/
पण त्या रात्री बोलले काय गेले? विषय होता देशांतर्गत धोरणाचा : शेती, शिक्षणाला केंद्राची मदत, वृद्धांचा औषधोपचार, आर्थिक वाढीचा वेग. आपली आणि केनेडींची उद्दिष्टे सारखीच आहेत, मतभेद आहे तो मार्गांविषयी, असे निक्सन वारंवार सांगत राहिले. पत्रकार सँडर व्हॅनोकर यांनी त्यांच्या वर्मावर बोट ठेवले. निक्सन यांच्या कोणत्या मोठ्या सूचनेवरून सरकारने निर्णय घेतला, असे विचारल्यावर खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ऑगस्टमध्ये आठवायला आठवडाभराची मुदत मागितली होती! अनुभवाच्या जोरावर मते मागणाऱ्या उपाध्यक्षाला हा प्रश्न घामापेक्षा महाग पडायला हवा होता. लोकांच्या स्मरणात उरला तो घाम.

६/
या कथेला जोडून आणखी एक दंतकथा सांगितली जाते : रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले, पडद्यावर पाहणाऱ्यांना केनेडी. तिचा मुख्य आधार सिंडलिंगर या संस्थेची पाहणी. त्या पाहणीत रेडिओ ऐकणारे होते जेमतेम २८२. हे लोक कोण होते, कोणत्या भागातले होते, आधीपासूनच निक्सन यांच्याकडे झुकलेले होते का, याची छाननी झालीच नव्हती. १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी हे दोष दाखवून दिले. तरीही कथा चालूच आहे, कारण ती सांगायला सोपी आहे.

७/
याचा अर्थ चित्राचा परिणाम होतच नाही, असा नव्हे. राज्यशास्त्रज्ञ जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना ती चर्चा दाखवली आणि काहींना नुसती ऐकवली. पाहणाऱ्यांनी केनेडींना अधिक प्रमाणात विजयी ठरवले आणि निवाडा करताना व्यक्तिमत्त्वाला अधिक वजन दिले. चित्र डोळ्यांना प्रभावित करते, एवढे मान्य. पण ६ कोटी ८८ लाख मतांपैकी सुमारे १ लाख १३ हजारांच्या फरकाने लागलेल्या निकालाचे श्रेय कोणत्याही एका कारणाला देता येते. तेवढ्यासाठी सगळा निकाल चेहऱ्याच्या नावावर टाकणे हा इतिहास नव्हे, किस्सा आहे.

८/
सादरीकरणाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. अध्यक्षाला काँग्रेसचे मन वळवावे लागते, मित्रराष्ट्रांना धीर द्यावा लागतो, संकटात देशाशी बोलावे लागते. दडपणाखाली वाक्य न अडखळणे हा त्या कामाचाच एक भाग आहे. निक्सन यांनी प्रकृती ठीक नसताना विश्रांती घेतली नाही, पडद्याची पुरेशी तयारी केली नाही, यातही निर्णयाची चूक होतीच. म्हणजे सादरीकरण अगदीच पोकळ नसते. आक्षेप इतकाच, की ते दिसायला सोपे असल्यामुळे गुणपत्रिकेतील सगळी जागा तेच बळकावते.

९/
मग निर्णयबुद्धी ओळखायची कशी? तीन प्रश्न उपयोगी पडतात. उमेदवार नेमके काय करू म्हणतो? त्याची किंमत कोण आणि किती मोजणार, हे तो सांगतो का? आणि आपले म्हणणे चुकीचे ठरू लागले, तर तो मागे फिरतो की अडून बसतो? हे तीन प्रश्न हातात घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वादचर्चेकडे वळले, की १९६० चे चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसू लागते. दोन्ही उमेदवारांच्या चाहत्यांना ते सारखेच अडचणीचे आहे.

१०/
पहिली कसोटी : क्वेमॉय आणि मात्सू. चीनच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही मैलांवरची ही बेटे चँग कै-शेक यांच्या फॉर्मोसा येथील सरकारच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या, ताब्यात होती. १९५४-५५ मध्ये आणि पुन्हा १९५८ मध्ये चीनने त्यांवर तोफा डागल्या होत्या. ७ ऑक्टोबरच्या दुसऱ्या वादचर्चेत हा विषय निघाला. संरक्षणाची रेषा फॉर्मोसाभोवती स्पष्ट आखावी; किनाऱ्याला चिकटलेल्या, लष्करीदृष्ट्या राखण्यास कठीण अशा बेटांपायी युद्धात ओढले जाऊ नये, ही केनेडींची भूमिका होती.

११/
निक्सन यांचे उत्तर ठाम होते. प्रश्न जमिनीच्या दोन तुकड्यांचा नाही, तत्त्वाचा आहे; एक पाऊल मागे घेतले की साम्यवादी पुढचे पाऊल मागणार. १३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या वादचर्चेत हाच वाद अधिक तापला. त्या रात्री निक्सन लॉस एंजेलिसमध्ये होते, केनेडी न्यूयॉर्कमध्ये. पडद्यावर दोघे एकत्र दिसत होते, प्रत्यक्षात मध्ये अख्खा अमेरिका खंड होता. निक्सन यांचे ‘तत्त्व’ ऐकायला भारदस्त होते. केनेडींचे ‘पण’, ‘परंतु’ आणि ‘जर’ त्यापुढे मऊ वाटत होते. सभा जिंकणारी भाषा आणि विचार करणारी भाषा यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

१२/
गंमत अशी, की १९५५ मध्ये आयझेनहॉवर सरकारनेच ही बेटे सोडण्याविषयी चँग यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता आणि चँग यांनी तो धुडकावला होता. अमेरिकेचा करारही बेटांच्या नव्हे, फॉर्मोसाच्या संरक्षणाचा होता. टीका वाढल्यावर केनेडींनी आपली भूमिका प्रचलित सरकारी धोरणाच्या जवळ आणली आणि हा वाद हळूहळू विझला. निवाडा द्यायचा तर, मूळ विचारात केनेडी अधिक समंजस होते. तो विचार दडपणाखाली टिकवण्यात कमी पडले. दोन चिमुकल्या बेटांसाठी अणुयुद्धाची जोखीम का घ्यायची, याचे समाधानकारक उत्तर निक्सन यांनी दिले नाही.

१३/
दुसरी कसोटी केनेडींच्या विरुद्ध जाते. सोव्हिएत संघ क्षेपणास्त्रांत अमेरिकेच्या पुढे जात आहे, हा इशारा त्यांनी प्रचारात आणि वादचर्चेतही दिला. ‘क्षेपणास्त्रांची दरी’ हा त्या निवडणुकीतला मोठा शब्द होता. ही दरी होती, पण उलट्या बाजूने : आघाडी अमेरिकेची होती. केनेडींचेच संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी फेब्रुवारी १९६१ मध्ये पत्रकारांशी बोलताना अशी दरी नसल्याचे सांगून टाकले. भीती विकणे सोपे असते. ती खोटी ठरल्यावर हिशेब मागायला कुणी येत नाही. निवडणूक तोवर होऊन गेलेली असते.

१४/
आता चौथी रात्र आणि क्युबा. जानेवारी १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. १७ मार्च १९६० रोजी आयझेनहॉवर यांनी कॅस्ट्रो यांना हटवण्यासाठी सीआयएच्या गुप्त योजनेला संमती दिली. देशाबाहेर पडलेल्या क्युबन निर्वासितांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे, हा तिचा गाभा होता. उपाध्यक्ष या नात्याने निक्सन यांना ही योजना ठाऊक होती, इतकेच नव्हे, ते तिचे पुरस्कर्ते होते. मतदारांना मात्र तिचा पत्ता नव्हता. वादचर्चा ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांपासून मुख्य वस्तुस्थितीच लपलेली होती.

१५/
२० ऑक्टोबरला, म्हणजे चौथ्या वादचर्चेच्या आदल्या दिवशी, केनेडींच्या प्रचारयंत्रणेने एक निवेदन प्रसिद्धीस दिले : कॅस्ट्रोविरोधी लोकशाहीवादी क्युबनांना, देशाबाहेरच्या आणि देशातल्याही, बळ दिले पाहिजे, आतापर्यंत सरकारने त्यांना काही मदत केलेली नाही. निवेदन लिहिणारे सहायक रिचर्ड गुडविन यांच्या सांगण्यानुसार केनेडी त्या वेळी झोपले होते आणि अंतिम मजकूर त्यांनी पाहिलाच नव्हता. परराष्ट्र धोरणाचा इतका स्फोटक मजकूर उमेदवाराच्या नजरेखालून न जाता बाहेर पडतो, ही निर्णयबुद्धीची शिफारस नव्हे.

१६/
२१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये निक्सन यांनी या निवेदनावर कडाडून हल्ला चढवला. हे धोकादायक आणि बेजबाबदार आहे, असे ते म्हणाले. लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रांशी झालेल्या करारांचा हा भंग होईल. तेथील मित्र दुरावतील. संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचा निषेध होईल. कॅस्ट्रो तर जाणारच नाहीत, उलट क्रुश्चेव्ह यांना त्या खंडात शिरण्याचे आमंत्रण मिळेल. आज हे मुद्दे वाचताना थक्क व्हायला होते. पुढच्या दोन वर्षांत जे घडले, त्याचे इतके नेमके भाकीत त्या मोसमात क्वचितच कुणी केले असेल.

१७/
पण हे सांगणाऱ्या माणसाचा त्यावर विश्वास नव्हता. सरकार गुप्तपणे जे करत होते, तेच केनेडी उघडपणे मागत होते. आणि योजनेचा पुरस्कर्ता तिच्याच विरुद्ध युक्तिवाद करत होता. त्यात भर म्हणजे निक्सन यांनी ग्वाटेमालाचा दाखला दिला : तेथील आर्बेन्झ सरकारला एकाकी पाडले आणि जनतेनेच उठाव करून त्यांना हटवले. १९५४ चा तो सत्तापालट सीआयएने घडवून आणला होता. १९६२ च्या ‘सिक्स क्रायसिस’ या पुस्तकात निक्सन यांनी स्वतःच मान्य केले, की गुप्त योजना झाकण्यासाठी क्युबाबाबत उलट भूमिका घ्यावी लागली.

१८/
आणखी एक धागा सुटायचा राहिला आहे. सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी उमेदवार केनेडींना माहिती दिली होती. त्यामुळे त्यांनी योजना ठाऊक असूनही निवेदन काढले, असा आरोप निक्सन यांनी त्याच पुस्तकात केला. व्हाइट हाउसने तो फेटाळला. गैरसमज झाला असावा, असे डलेस यांनीही म्हटले. आरोप खरा असो वा नसो, त्या रात्रीचे चित्र बदलत नाही. एकाचे शब्द शहाणे होते आणि हेतू वेगळा; दुसऱ्याचे शब्द उतावळे होते आणि तयारी अपुरी. पडद्यावर दोघेही उत्तम दिसत होते. तोवर निक्सन यांचा मेकअपही सुधारला होता.

१९/
१७ एप्रिल १९६१ रोजी सुमारे १,४०० क्युबन निर्वासित ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले. योजना आयझेनहॉवर यांच्या काळातली, आदेश केनेडींचा. उतरण्याची जागा बदलली गेली, दुसरा हवाई हल्ला रद्द झाला, आणि अपेक्षित जनउठाव झालाच नाही. तीन दिवसांत सगळे आटोपले. शंभरावर माणसे मेली, जवळपास १,२०० पकडली गेली. डिसेंबर १९६२ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरची अन्नसामग्री आणि औषधे देऊन बंदिवानांची सुटका करावी लागली. निर्वासितांना मदत न केल्याबद्दल प्रचारात सरकारला दोष देणाऱ्या उमेदवाराला अध्यक्ष झाल्यावर ती मोहीम थांबवणे सोपे उरले नव्हते.

२०/
या पराभवानंतर दोघे काय म्हणाले, ते वादचर्चेपेक्षा अधिक बोलके आहे. केनेडींनी जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली. त्याच आठवड्यात त्यांनी निक्सन यांना भेटीला बोलावले. निक्सन यांच्याच आठवणीनुसार, योग्य कायदेशीर निमित्त शोधून थेट क्युबात शिरावे, असा सल्ला त्यांनी दिला. सहा महिन्यांपूर्वी करार, मित्रराष्ट्रे आणि संयुक्त राष्ट्रे यांची आठवण करून देणारे निक्सन ते हेच. वादचर्चेतला युक्तिवाद त्यांच्यासाठी स्पर्धेतल्या विषयासारखा होता : बाजू वाट्याला आली, म्हणून मांडलेला.

२१/
ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडली. लष्करी सल्लागार हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. आदल्या वर्षी तज्ज्ञांवर विसंबून पोळलेल्या केनेडींनी या वेळी वेळ घेतला, परस्परविरोधी मते ऐकली, सागरी नाकेबंदीचा मार्ग निवडला आणि क्रुश्चेव्ह यांना माघारीसाठी जागा ठेवली. हा विवेक १९६० च्या कोणत्याही रात्री दिसला नव्हता, कारण तो तेव्हा पुरता घडलाच नव्हता. तो चुकीतून आला. वादचर्चा माणसाचा एक क्षण दाखवते. शिकण्याची कुवत दाखवत नाही.

२२/
राजकारण्यांनी मात्र १९६० पासून वेगळाच धडा घेतला. १९६४, १९६८ आणि १९७२ मध्ये अध्यक्षीय वादचर्चा झाल्याच नाहीत. त्यांतील शेवटच्या दोन निवडणुकांत निक्सन स्वतः उमेदवार होते आणि त्यांनी ती जोखीम टाळली. १९७६ मध्ये परंपरा पुन्हा सुरू झाली. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले, की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी चकित होऊन त्यांना सावरण्याची संधी दिली. फोर्ड अधिकच ठाम झाले.

२३/
येथे एक बारकावा आहे. त्याच रात्री विचारलेल्या अनेक प्रेक्षकांना त्या वाक्यात काही विशेष खटकले नव्हते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ते उचलून धरले आणि कल झपाट्याने जिमी कार्टर यांच्याकडे झुकला. म्हणजे ‘कोण जिंकले’ हे बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळले. फोर्ड यांची खरी चूकही वाक्यात कमी, त्यानंतरच्या दिवसांत जास्त होती : सरळ दुरुस्ती करायला त्यांना जवळपास आठवडा लागला. जीभ घसरणे हा अपघात असतो. घसरली हे मान्य न करणे हा निर्णय असतो.

२४/
तर १९६० चा निकाल काय? सादरीकरणात पहिली रात्र केनेडींची, यात वाद नाही. बेटांच्या प्रश्नावर केनेडींचा विचार बरा, क्षेपणास्त्रांवर त्यांचा दावा चुकीचा. क्युबावर निक्सन यांचे शब्द बरोबर आणि निष्ठा शून्य. केनेडींचे शब्द घातक आणि किंमत इतरांनी मोजलेली. एका आकड्यात बसेल असा हा निकाल नाही. ज्यांना विजेता हवा असतो, त्यांना तो नीरस वाटेल. पण शंभरावर माणसे किनाऱ्यावर मेली, ती घामामुळे किंवा सुटाच्या रंगामुळे नव्हे.

२५/
पुढच्या कोणत्याही वादचर्चेनंतर ‘अमुक जिंकला’ अशी आरोळी उठेल, तेव्हा अभ्यासूंनी चौथी रात्र आठवावी. चित्रफितीऐवजी एकदा शब्दशः नोंद वाचावी. उमेदवार काय करीन म्हणाला, ते बाजूला लिहून ठेवावे. त्याच्या हातून आधी काय घडले आहे, त्याच्याशी ते ताडून पाहावे, आणि सरकारी कागदपत्रे खुली झाली की तो कागद पुन्हा काढावा. टाळ्यांचा निकाल त्याच रात्री लागतो. इतिहासाला निकाल द्यायला वेळ लागतो, कारण तो साक्षीदारांची वाट पाहतो.

(धागा समाप्त)